थंडीत पिकाच्या पेशीत काय घडते?

डिसेंबर-जानेवारीत एखाद्या निरभ्र, वारा पडलेल्या रात्रीनंतर शेतातील पिकाचे रूप पालटलेले दिसते. आदल्या सायंकाळी टवटवीत असलेली काकडीची पाने सकाळी मलूल होतात. टोमॅटोच्या पानांवर पाणी भरल्यासारखे गडद चट्टे उमटतात. मक्याच्या कोवळ्या पानांवर जांभळट छटा येते आणि केळीच्या पोंग्यातून नवे पान निघता निघत नाही. अशा वेळी पहिला संशय किडीवर किंवा रोगावर जातो. घाईने निदान होते आणि दुपारपर्यंत कीटकनाशकाची एक फवारणी होऊनही जाते. कीड नसताना केलेल्या या फवारणीने खर्च वाढतो, मित्रकीटक मरतात आणि मूळ इजा आहे तशीच राहते.

थंडीची इजा पेशीच्या आत, ठरावीक क्रमाने घडते. तो क्रम लक्षात घेतला म्हणजे शेतातील लक्षणांचा अर्थ लागतो, थंडी आणि कीड यांतील फरक सांगता येतो आणि कोणता उपाय कोणत्या वेळी उपयोगी पडेल हेही ठरवता येते. विस्तार कार्यकर्ते आणि प्रयोगशील शेतकरी यांच्यासाठी या क्रमाचा आढावा येथे घेतला आहे.

थंडी एक, इजा दोन

वनस्पतींना थंडीमुळे होणाऱ्या इजा दोन प्रकारच्या असतात. पहिली शीतइजा. ही पाणी गोठण्याच्या बिंदूच्या वर, म्हणजे साधारण ० ते १२ अंश सेल्सिअस या पट्ट्यात होते. काही पिकांत ती १५ अंशांच्या आसपासही सुरू होते. केळी, भात, मका, कापूस, टोमॅटो, मिरची, वांगी, काकडीवर्गीय भाज्या आणि आंबा ही उष्ण प्रदेशात उगम पावलेली पिके तिला बळी पडतात. गहू, मोहरी, वाटाणा, कोबी, मुळा, गाजर व पालक यांना हेच तापमान मानवते.

दुसरी हिमइजा. ही तापमान शून्याखाली गेल्यावर पानांत प्रत्यक्ष बर्फ तयार झाल्याने होते. पंजाब, हरियाना व राजस्थानात बटाटा आणि मोहरीवर पडणारा 'पाला', निलगिरीच्या खोलगट भागांत चहाच्या मळ्यांवर गोठणारे दव, महाबळेश्वरच्या वेण्णा तलाव परिसरात स्ट्रॉबेरीच्या पानांवर दिसणारे हिमकण हे सर्व या दुसऱ्या प्रकारात मोडतात. बटाट्याचे पीक ५ अंशांची रात्र सहन करते. मात्र पानांचे तापमान शून्याखाली २ ते ३ अंशांवर गेले की त्याची पाने एका रात्रीत काळी पडतात.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या निकषानुसार मैदानी प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याहून कमी असेल आणि ते सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी घसरले असेल, तर थंडीची लाट मानली जाते. हा निकष हवामानाचा आहे, पिकाचा नव्हे. थंडीची लाट जाहीर झालेली नसतानाही १२ अंशांच्या सलग रात्री केळीला पुरेशा जाचक ठरतात.

दुसरी गोष्ट पानाच्या तापमानाची. हवामान केंद्रातील तापमापक जमिनीपासून सव्वा ते दीड मीटर उंचीवर, पेटीच्या सावलीत असतो. निरभ्र व शांत रात्री पाने आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडतात आणि भोवतालच्या हवेपेक्षाही काही अंशांनी अधिक थंड होतात. त्यामुळे केंद्रावर ३ ते ४ अंशांची नोंद असतानाही जमिनीलगतच्या पानांवर दव गोठलेले आढळते. रात्री ढग असतील किंवा वारा वाहत असेल, तर ही अधिकची घट होत नाही.

पहिला घाव पेशीपटलावर

प्रत्येक पेशीभोवती आणि पेशीतील हरितलवक, तंतुकणिका, रिक्तिका अशा अंगकांभोवती मेदरेणू व प्रथिने यांचे अतिशय पातळ पटल असते. हे पटल तेलाच्या थरासारखे प्रवाही असते. प्रथिने त्यात तरंगत राहून पाणी, क्षार आणि शर्करा यांची ने-आण करतात. पटलाची ही प्रवाहिता तापमानावर अवलंबून असते.

घरोघरी दिसणाऱ्या एका गोष्टीवरून हे सहज समजते. हिवाळ्यात खोबरेल तेल बाटलीत गोठते, पण त्याच फळीवरील करडईचे किंवा शेंगदाण्याचे तेल पातळच राहते. खोबरेल तेलात संपृक्त मेदाम्ले अधिक असतात. त्यांचे रेणू सरळ असल्याने एकमेकांना चिकटून बसतात. असंपृक्त मेदाम्लांच्या रेणूंना बाक असतो, त्यामुळे थंडीतही ते दाटीने रचले जात नाहीत. पिकांच्या पेशीपटलांतही असाच फरक आहे. थंडीला संवेदनशील पिकांच्या पटलांतील काही मेदरेणू १० ते १२ अंशांच्या आसपासच ताठर होऊ लागतात. ताठर आणि प्रवाही भागांच्या सीमेवर फटी पडतात व पेशीतील पोटॅशियमसारखे क्षार बाहेर झिरपतात. पटलात बसलेल्या प्रथिनांचे कामही मंदावते.

लायन्स आणि रेझन या संशोधकांनी १९७० मध्ये याचा महत्त्वाचा पुरावा मांडला. टोमॅटो, काकडी, रताळे अशा संवेदनशील पिकांतून वेगळ्या काढलेल्या तंतुकणिकांचा श्वसनवेग १० ते १२ अंशांच्या खाली एकाएकी घसरतो, तर फुलकोबी व बटाटा यांच्या तंतुकणिकांत तो हळूहळू, एकसारखा कमी होतो, असे त्यांना आढळले. पुढे १९९२ मध्ये जपानमधील नोरिओ मुराता व सहकाऱ्यांनी तंबाखूच्या हरितलवकांच्या पटलातील मेदाम्लांचे प्रमाण जनुकीय बदलाने कमीअधिक केले. संपृक्त मेदाम्ले वाढलेली झाडे थंडीत अधिक खराब झाली आणि असंपृक्त मेदाम्ले वाढलेली झाडे तगली. शीतसंवेदनशीलतेत पटलातील मेदाचा मोठा वाटा आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

पेशीच्या आत आणखीही बदल होतात. पेशीद्रव्य एरवी सतत फिरत असते. टोमॅटोसारख्या पिकाच्या पानावरील केसांत हे अभिसरण १० अंशांच्या सुमारास जवळजवळ थांबलेले सूक्ष्मदर्शकातून दिसते. मुळा किंवा गाजराच्या पेशीत ते शून्याजवळही चालू असते. पेशीचा सांगाडा असलेल्या सूक्ष्मनलिका थंडीत विघटित होतात, त्यामुळे पेशीविभाजन अडखळते. पोंगा थबकणे आणि नवी पाने लहान राहणे यांचे एक मूळ येथे आहे.

हरितलवक आणि थंडीनंतरचे ऊन

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास शीतइजेची दृश्य चिन्हे सर्वप्रथम हरितलवकात दिसतात. हरितलवक फुगतो, त्यातील थायलाकॉइड नावाच्या चकत्या सुजतात व त्यांची नीटस रचना विस्कटते, पिष्टकण लहान होत जातात आणि बाहेरच्या आवरणालगत सूक्ष्म पिशव्या तयार होतात. इजा लांबली तर मेदाचे थेंब साचतात, आवरण फाटते आणि हरितलवकातील द्रव्य पेशीद्रव्यात मिसळते. तंतुकणिका त्या मानाने अधिक काळ टिकून राहतात.

हा क्रम शेतात एका ठळक खुणेने प्रकट होतो. थंड रात्रीनंतर स्वच्छ ऊन पडले, तर इजा वाढते. हरितद्रव्य उजेड शोषत राहते, पण थंडीमुळे मंदावलेले विकर त्या ऊर्जेचा उपयोग करू शकत नाहीत. शिल्लक ऊर्जा प्राणवायूकडे वळते आणि त्यातून अतिक्रियाशील प्राणवायू तयार होतो. तो हरितद्रव्य आणि पटलातील मेद यांचे ऑक्सिडीकरण करतो. म्हणून उन्हाच्या बाजूची, वरची पाने पांढुरकी किंवा पिवळी पडतात आणि त्यांच्या सावलीतील पाने हिरवी राहतात. पश्चिम बंगाल, आसाममधील बोरो भाताची आणि महाराष्ट्रातील उन्हाळी भाताची रोपे डिसेंबर-जानेवारीत पिवळी पडण्यामागे हेही एक कारण असते. केवळ नत्राची कमतरता समजून युरिया देण्यापूर्वी किमान तापमानाच्या नोंदी पाहणे हितावह ठरते. मका व टोमॅटोच्या पानांवरील जांभळट छटा थंडीत मुळांकडून होणाऱ्या स्फुरदाच्या अपुऱ्या शोषणाशी आणि पानांत साचलेल्या शर्करेपासून बनणाऱ्या अँथोसायनिनशी निगडित असते. हवा उबदार झाली की ती बहुधा आपोआप मावळते.

ओल असूनही कोमेजणे

थंडीच्या सकाळी जमिनीत पुरेशी ओल असताना काकडी, वाल, मिरची यांची पाने माना टाकतात. थंड जमिनीत मुळांच्या पेशीपटलांतील पाणी वाहून नेणारी प्रथिने मंदावतात आणि पाण्याचा प्रवाह घटतो. त्याच वेळी संवेदनशील पिकांची पर्णरंध्रे पूर्णपणे मिटत नाहीत. ऊन चढले की बाष्पोत्सर्जन सुरू होते, पण पुरवठा तोकडा पडतो. हे कोमेजणे मर रोगासारखे किंवा सूत्रकृमीच्या प्रादुर्भावासारखे भासते. दुपारी हवा तापल्यावर रोप सावरत असेल, खोड चिरल्यावर आतील नलिका तपकिरी दिसत नसतील आणि मुळांवर गाठी नसतील, तर कारण थंडीचे असण्याची शक्यता अधिक. अशा रोपांना वारंवार पाणी देत राहिल्यास मुळांना हवा कमी पडून हानी वाढते.

फ्रिजमधील केळी, शीतगृहातील बटाटा

फ्रिजमध्ये ठेवलेल्या केळ्याची साल काळवंडते, हा शीतइजेचा घरातच दिसणारा नमुना आहे. केळ्याच्या सालीत फिनॉलवर्गीय पदार्थ रिक्तिकेत आणि त्यांच्यावर क्रिया करणारे विकर लवकांत, असे वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. थंडीने कप्प्यांची पटले गळू लागली की दोघांची गाठ पडते आणि तपकिरी रंगद्रव्य तयार होते. म्हणूनच केळीची वाहतूक १३ ते १४ अंश तापमानाला केली जाते. आंबाही साधारण १३ अंशांच्या खाली फार काळ ठेवल्यास सालीवर करडे डाग पडतात व फळ एकसारखे पिकत नाही. अनेकदा फळ शीतगृहात चांगले दिसते आणि बाहेर काढल्यानंतर दोन दिवसांनी बिघडते, कारण विस्कटलेल्या पेशीत विकरांची कामे उबदार हवेतच वेग घेतात.

बटाट्याची कथा निराळी आहे. २ ते ४ अंशांवर साठवलेल्या बटाट्याच्या पेशी मरत नाहीत, मात्र त्यांतील पिष्टाचे हळूहळू ग्लुकोज व फ्रुक्टोज या शर्करांत रूपांतर होते. अशा बटाट्याच्या चकत्या तळल्यावर काळपट होतात. म्हणून बियाण्याचा बटाटा २ ते ४ अंशांवर आणि प्रक्रियेसाठीचा बटाटा कोंब रोखणारे उपचार करून १० ते १२ अंशांवर साठवला जातो. शिमल्याच्या केंद्रीय आलू अनुसंधान संस्थेने विकसित केलेले कुफरी चिपसोना मालिकेतील वाण चिप्ससाठी निवडताना कमी शर्करा हाच मुख्य गुण मानला गेला.

बर्फ पेशीबाहेर, तहान पेशीच्या आत

हिमइजेविषयी एक समज दृढ आहे. बर्फ झाल्यावर पाणी प्रसरण पावते आणि बाटली फुटावी तशी पेशी फुटते, असे मानले जाते. शेतात बहुतेक वेळा असे घडत नाही. पेशीच्या आतील पाण्यात शर्करा व क्षार असल्याने ते उशिरा गोठते. पेशींमधल्या पोकळ्यांतील आणि भित्तिकेतील पाणी तुलनेने शुद्ध असते, त्यामुळे बर्फाची सुरुवात पेशीच्या बाहेर होते.

बर्फाला पाण्याची जबरदस्त ओढ असते. शून्याखाली प्रत्येक अंशाला ही ओढ सुमारे १२ वातावरण दाबाएवढी वाढते. उणे ४ अंशांना ती जवळपास ४८ वातावरण होते. पानाच्या पेशीरसाचा परासरणी दाब सामान्यतः १० ते २० वातावरणांच्या दरम्यान असल्याने पेशीतील पाणी बाहेर ओढले जाते आणि बर्फात भर पडत राहते. उणे १० अंशांपर्यंत पेशीतील ९० टक्क्यांहून अधिक पाणी बाहेर पडलेले असते. पेशी आक्रसते, क्षार दाट होतात आणि पटले एकमेकांना खेटतात. हिमइजा ही पेशीच्या पातळीवर मोठ्या अंशी दुष्काळाची इजा आहे.

अमेरिकेतील पीटर स्टेपॉन्कस यांनी राय या तृणधान्याच्या भित्तिका काढलेल्या पेशींवर याचा सखोल अभ्यास केला. थंडीला न सरावलेली पेशी आक्रसताना आपल्या पटलाचे तुकडे आत खुडून टाकते. बर्फ वितळून पाणी परत येते तेव्हा फुगायला पटल पुरत नाही आणि पेशी त्या क्षणी फुटते. सरावलेली पेशी जादा पटल पृष्ठभागाला जोडलेलेच ठेवते आणि पुन्हा पूर्ववत होते. पहाटे ताठ दिसणारे पान सकाळी नऊ वाजता उकडल्यासारखे का लोंबते, याचा उलगडा यातून होतो. पेशी पाणी परत येताना फुटते आणि तिचा रस पानभर पसरतो.

बर्फाचे बीज

शुद्ध पाण्याचा सूक्ष्म थेंब शून्याखाली कितीतरी अंश द्रवरूपातच राहू शकतो. गोठण्यासाठी त्याला बीज लागते. पानांवर आढळणाऱ्या स्यूडोमोनास सिरिंगी या जिवाणूच्या बाह्य आवरणातील एक प्रथिन असे बीज ठरते आणि उणे २ ते उणे ५ अंशांतच बर्फ घडवते. हा गुणधर्म १९७४ मध्ये प्रकाशित झाला आणि दोनच वर्षांत हा जिवाणू असलेली मक्याची रोपे लवकर गोठतात हे सिद्ध झाले. हे प्रथिन बनवणारे जनुक काढून टाकलेला जिवाणू १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात स्ट्रॉबेरी व बटाट्यावर प्रायोगिक स्वरूपात फवारण्यात आला. जनुकीय बदल केलेला जीव अधिकृत परवानगीने खुल्या शेतात सोडण्याची ती पहिली घटना मानली जाते. तो उपाय व्यवहारात रुळला नाही, पण एक धडा मागे राहिला. पानांवरील कुजके अवशेष आणि जिवाणूंची गर्दी ही हिमइजेला निमंत्रण देते. म्हणून बागेतील स्वच्छता हाही थंडीपासून संरक्षणाचा भाग आहे.

पीक थंडीला सरावते कसे?

गहू, मोहरी, राय यांसारखी पिके काही दिवस २ ते ५ अंशांच्या संथ थंडीत राहिली की पेशीची मांडणी बदलतात. पटलातील असंपृक्त मेदाम्ले वाढतात, शर्करा व प्रोलिन साठतात, पटलांना सांभाळणारी विशेष प्रथिने तयार होतात. न सरावलेली राय उणे ५ अंशांच्या सुमारास मरते. सरावलेली राय उणे ३० अंशांपर्यंत तग धरते.

या तयारीची सुरुवातही पटलातच होते. पटल ताठरले की कॅल्शियम पेशीत शिरते आणि इशारा केंद्रकापर्यंत पोहोचतो. तेथे सीबीएफ नावाची जनुके जागी होतात व ती इतर अनेक जनुकांना कामाला लावतात. सीबीएफच्या मागे उभा असलेला आयसीई-१ हा नियंत्रक २००३ मध्ये अमेरिकेतील एका प्रयोगशाळेत उजेडात आला. त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक विश्वनाथन चिन्नुसामी यांनी पुढे नवी दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेत वनस्पतींच्या ताणसहनशीलतेवर काम केले.

केळी, काकडी, टोमॅटो यांच्याकडे अशी तयारी फारच थोडी असते. त्यामुळे तापमान हळूहळू उतरले तर इजा कमी आणि एका रात्रीत ८-१० अंशांनी घसरले तर अधिक होते. थंडीच्या तोंडावर दिलेला भरपूर नत्र कोवळी, पाणीदार वाढ आणतो आणि ही वाढ सर्वांत आधी बळी पडते.

फुलोऱ्याची अवस्था तर सहनशील पिकांनाही नाजूक असते. हरभऱ्यात दिवसाचे सरासरी तापमान १५ अंशांच्या खाली राहिले की परागनलिका नीट वाढत नाही, फुले गळतात आणि घाटे धरत नाहीत. भातात पोटरीच्या अवस्थेत परागकण घडत असताना रात्री फार थंड झाल्या, तर परागाला अन्न पुरवणारा पेशींचा थर बिघडतो आणि लोंबीत पळींजाचे प्रमाण वाढते.

थंडी की कीड? शेतात ओळखण्याच्या खुणा

- इजा एका-दोन रात्रींत, एकदम आणि एकाच वयाच्या पानांवर दिसली तर थंडीचा विचार प्रथम करावा. फुलकिडे व कोळी यांची वाढ १० अंशांच्या आसपास जवळजवळ थांबते. एवढ्या थंड रात्रीत ते शेतभर नुकसान करू शकत नाहीत.
- थंड हवा जड असल्याने सखल भागात साचते. सखल, मोकळ्या आणि वरच्या पानांवर अधिक व झाडाखाली किंवा कुंपणाच्या आडोशाला कमी इजा, ही थंडीची खूण आहे. कीड बहुधा बांधाकडून किंवा ठिपक्या-ठिपक्यांनी पसरते.
- बांधावरील संवेदनशील तणांवरही तशीच लक्षणे असतील तर कारण हवामानाचे असते.
- फुलकिड्यांच्या खरवडण्याने चंदेरी चट्टे पडतात आणि त्यांवर विष्ठेचे काळे ठिपके असतात. कोळ्यांच्या प्रादुर्भावात पानामागे बारीक जाळी व अंडी दिसतात. दहापट भिंगाखाली यांपैकी काहीच न दिसल्यास फवारणी थांबवावी.
- हरभऱ्यात घाटे अळी असेल तर कुरतडलेली पाने, छिद्रे आणि विष्ठा सापडते. यांपैकी काही नसताना फुले गळत असतील, तर किमान तापमानाची नोंद तपासावी.
- खूण केलेल्या दहा झाडांची तीन दिवसांनी पुन्हा पाहणी करावी. उबदार दिवसांत थंडीची इजा वाढत नाही, नवी पाने निरोगी येतात. कीड आणि रोग वाढत जातात.

पटलाची गळती मोजून खात्रीही करता येते. ठिबक वापरणाऱ्या अनेक शेतकऱ्यांकडे पाण्याची विद्युतवाहकता मोजणारा ईसी मीटर असतो. निरोगी आणि बाधित पानांच्या एकाच आकाराच्या दहा-दहा चकत्या कापून त्या ऊर्ध्वपातित पाण्याने धुवाव्यात. दोन स्वच्छ बाटल्यांत सारख्याच मापाचे ऊर्ध्वपातित पाणी घेऊन त्यांत त्या तीन-चार तास ठेवाव्यात आणि ईसी मोजावा. नंतर झाकण लावलेल्या बाटल्या उकळत्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटे ठेवून, थंड करून पुन्हा मोजावे. पहिले मोजमाप दुसऱ्याच्या जितके टक्के, तितकी गळती. बाधित पानांत हा आकडा निरोगी पानांपेक्षा ठळकपणे जास्त येतो. अन्य कारणांनी मेलेली पेशीही गळते, म्हणून हा निष्कर्ष वरील खुणांच्या जोडीनेच घ्यावा.

उपायांमागील कारणमीमांसा

सायंकाळचे ओलित. ओली जमीन दिवसा अधिक उष्णता साठवते व रात्री ती पृष्ठभागाकडे लवकर पोहोचवते. विहिरीचे पाणी थंड रात्रीच्या हवेपेक्षा उबदार असते. म्हणून थंडीचा अंदाज असताना आदल्या दिवशी किंवा सायंकाळी हलके पाणी देणे शीतइजा आणि हिमइजा दोन्हींत उपयोगी पडते.

तुषार सिंचन. एक ग्रॅम पाणी गोठताना सुमारे ८० कॅलरी उष्णता बाहेर टाकते. या उष्णतेने पान शून्याजवळ राहते. मात्र एक ग्रॅम पाण्याच्या बाष्पीभवनाला सुमारे ६०० कॅलरी लागतात. त्यामुळे गोठण्याच्या रात्री तुषार संच मध्येच बंद पडला, तर पान न भिजवल्यापेक्षाही अधिक थंड होते. बर्फ वितळेपर्यंत अखंड वीज व पाणी मिळणार नसेल, तर हा मार्ग टाळावा.

आच्छादन. गव्हाच्या काडाचे किंवा पाचटाचे आच्छादन मुळांची उष्णता राखते, पण जमिनीतील उष्णता वर येऊ देत नाही. शीतइजेत मुळांसाठी ते लाभदायक, तर कडक हिमाच्या रात्री वरच्या पानांना अडचणीचे ठरू शकते. रोपवाटिकेवर रात्री कापड किंवा शेडनेट पसरावे आणि ऊन कडक होण्यापूर्वी एकदम न काढता टप्प्याटप्प्याने काढावे. थंड रात्रीनंतरचे तीव्र ऊन टाळणे हा पेशीच्या दृष्टीने स्वतंत्र उपाय आहे.

शेकोटी. धुराचे लोट जमिनीतून निघणारी उष्णता फारशी अडवत नाहीत. लाभ होतो तो बांधाच्या वाऱ्याकडील बाजूस पेटवलेल्या अनेक लहान शेकोट्यांच्या उष्णतेने व त्यामुळे हवा खालीवर होण्याने. पिकांचे अवशेष मोठ्या प्रमाणात जाळणे कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही.

केळी बाग. जळगाव भागात कांदेबागेची कोवळी रोपे आणि ऐन थंडीत निसवणाऱ्या बागा अधिक धोक्यात असतात. थंडीत खोड पुरेसे न लांबल्याने घड पानांच्या देठांत अडकून बसतो. वाराप्रतिबंधक कुंपण, रात्रीचे ओलित, घडांना सच्छिद्र पिशव्यांचे आवरण आणि खोडाभोवतीची वाळलेली पाने थंडी सरेपर्यंत न काढणे, या साध्या बाबींनी खोड आणि घड यांचे तापमान राखले जाते.

इजा झाल्यानंतर. काळी पडलेली पाने व फांद्या घाईने छाटू नयेत. कोणता भाग जिवंत आहे हे नवी फूट आल्यावरच कळते आणि लवकर छाटल्यास नवी कोवळी फूट पुढील थंडीत सापडते. मुळे कार्यरत होईपर्यंत नत्राची मोठी मात्रा देऊ नये. गळलेल्या पेशीरसावर जिवाणू व बुरशी वाढू शकतात, म्हणून बाधित भागाचे निरीक्षण चालू ठेवावे आणि रोग प्रत्यक्ष दिसल्यावरच स्थानिक कृषी विद्यापीठाच्या शिफारशीनुसार उपचार करावा.

प्रत्येक गावात किमान एक किमान-कमाल तापमापक पिकाच्या उंचीवर बसवून रोज सकाळी त्याची नोंद ठेवल्यास यातील बहुतेक निर्णय सोपे होतात. शेतकऱ्याने आणलेल्या बाधित पानाकडे पाहताना विस्तार कार्यकर्त्याने तीन प्रश्न आधी विचारावेत: रात्रीचे किमान तापमान किती होते, इजा किती तासांत दिसली आणि पानामागे भिंगातून काय दिसते? फवारणीचा प्रश्न त्यानंतरचा आहे.